आल्मन डायरचा लाल दिवा

सभागृहाच्या पायऱ्या चढताना व्हर्ना टिबेट्सला पेपरमिंटचा वास आला आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. एक्कावन्न वर्षं झाली, पण त्या वासाने तिची पाठ सोडली नव्हती.

"दमलीस का मावशी?" भाची जोआनने विचारलं. "अगं, तळ्याला तुझं नाव देतायत आज. जरा हस की!"

"तळं कुठे पळून जातंय?" व्हर्ना म्हणाली.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या सभागृहात ती बावीस वर्षं आमदार होती. पहिल्यांदा निवडून आली तेव्हा तेहेतीस वर्षांची. शेजारच्या खुर्चीवर विरोधी पक्षाचा आल्मन डायर बसायचा. साठी उलटलेला, हार्लो फोर्ड गावचा लाकूडतोड्या. त्याच्या खणात पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. "घे पोरी," तो म्हणायचा, "भाषण लांबलं की तोंडात टाकायची. झोप येत नाही, आणि मधेच बोलायचा मोहही होत नाही."

त्या वर्षी धरणाचं विधेयक आलं. दर वसंतात नदीवरचा बर्फ फुटायचा आणि व्हर्नाच्या गावात पाणी शिरायचं. आदल्या साली दोन पोरं वाहून गेली होती. धरण झालं तर तिचं गाव वाचणार होतं आणि आल्मनचं बुडणार होतं.

मतदानाच्या सकाळी इस्पितळातून त्याचा फोन आला. "छाती भरलीय. डॉक्टर उठू देत नाही. माझ्याशी जोडी लावतेस?"

जोडी म्हणजे तिथली जुनी रीत. एकजण येऊ शकला नाही, तर विरुद्ध बाजूच्या एकाने आपलंही मत द्यायचं नाही, फिट्टंफाट. जोडीची चिठ्ठी मागाहून लिहून दिली तरी चाले. शब्द पुरे असे.

"लावते," व्हर्ना म्हणाली. "तुम्ही पडून राहा."

"मग मी निवांत खोकतो!"

मतदान सुरू झालं. भिंतीवरच्या पाटीवर नावांपुढे हिरवे-लाल दिवे लागले. मतं समसमान झाली. व्हर्नाने चिठ्ठी अजून दिली नव्हती. तिला ती दोन पोरं आठवली. तिने हिरवं बटण दाबलं.

आल्मनने ते रेडिओवर ऐकलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. पुढे हार्लो फोर्डही धरणाच्या तळ्याखाली गेलं, चर्चच्या कळसासकट.

त्याच्या जागी दुसरा आमदार आला, पाटीवरचं नाव बदललं. पण दर मतदानाला व्हर्नाला तिथे जुनंच नाव दिसे, आणि त्यापुढे क्षणभर लाल दिवा. तिने कुणाला सांगितलं नाही. कोण ऐकणार? आणि ऐकलं, तर शब्द मोडल्याचंही सांगावं लागलं असतं.

आज तळ्याला तिचं नाव द्यायचा ठराव मतदानाला येणार होता; त्याआधी सभापतींनी तिचं कौतुक करून तिला बोलायला सांगितलं. व्हर्नाने पाटीकडे पाहिलं. मतदान सुरूही झालं नव्हतं, तरी तो दिवा लागलेला होता.

"हे धरण माझ्या एका मताने झालं," ती म्हणाली. "ते मत माझं नव्हतं. आल्मन डायरला मी जोडीचा शब्द दिला होता, आणि तो मोडला. माझं गाव वाचलं, त्याचं मला दुःख नाही. पण त्या पाण्यावर माझं नाव घालू नका. मतं लाल द्या."

जोआन खाली मान घालून बसली होती.

मतदान झालं. एकेक करत पाटी लाल होत गेली. व्हर्ना ते एकच नाव शोधत राहिली. त्या जागी कुणा तरुण बाईचं नाव होतं, तिथे आता बसणाऱ्या आमदाराचं.

तिने खोल श्वास घेतला. पेपरमिंटचा वास नव्हता. जुन्या लाकडाचा होता, ओल्या कोटांचा होता.

सभा उठली. "चल मावशी," जोआन हळूच म्हणाली. "घरी जाऊ."

"थांब जरा," व्हर्ना म्हणाली, आणि आपल्या जुन्या जागी जाऊन, शेजारच्या आल्मनच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसून राहिली. इतक्या वर्षांत त्या सभागृहात तिला कधी एकटं वाटलं नव्हतं; आज पहिल्यांदाच वाटलं.