हुबेहूब

एक काळ असा होता, की पाण्याच्या बाटलीवरसुद्धा ‘व्हीगन’ असं छापून यायचं आणि लोक निर्धास्त होऊन पाणी प्यायचे. त्या काळात काजूताईने दुकान काढलं. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही जरा आठवूनच सांगावं लागे. काजू भिजवायचे, वाटायचे, विरजण लावायचं, कापडात बांधून टांगायचं आणि मुरवून त्याचं चीज करायचं, हा तिचा धंदा. दुधाचा थेंब नाही. तेव्हा दाताचा डॉक्टर काय, व्यायामशाळेतले पैलवान काय, सगळे रांगेत. समोरच्या खाटकानेही हवा बघून बीटचं मांस विकायला ठेवलं. मोठ्या दुकानांतून तिच्या चीजला स्वतंत्र कप्पा मिळाला आणि कप्प्याला स्वतंत्र दिवा.

मग हवा गेली. का गेली, ते कुणी सांगितलं नाही. सांगून जाते ती हवा कसली. पैलवान अंड्यांकडे परतले. खाटकाने उरलेलं बीट घरी नेलं, तेव्हापासून बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलते. मोठ्या दुकानांनी कप्पे रिकामे करून तिथे कुत्र्यांचं खाणं मांडलं. दिवा तेवढा राहू दिला.

उरले एकटे मास्तर. मास्तर व्हीगन झाले तेव्हा तो शब्द कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे लोक त्यांना नुसतंच विक्षिप्त म्हणत. तरुणपणी एका गोठ्यात वासराला आईपासून ओढून नेताना त्यांनी पाहिलं, आणि दूध जे सुटलं ते सुटलंच. घराजवळच्या दुकानातला कप्पा गेल्यापासून ते दर शनिवारी दोन बस बदलून काजूताईकडे येत.

“एक गिऱ्हाईक म्हणजे दुकान नव्हे गं, पाहुणचार झाला,” नवरा म्हणाला.

“मास्तर येतायत तोवर शटर उघडणार. ते थांबले की मीही थांबले.”

“आणि त्यांना सर्दी झाली तर?”

“तर अर्धा दिवस.”

पण जाणाऱ्या प्रत्येकाने जाता जाता एकच वाक्य टाकलं होतं: “चांगलं आहे हो, पण दुधाच्या चीजची सर नाही.” हे तिच्या मनाला लागलं होतं. तिने सगळा हिवाळा विरजणामागे घालवला. घरात असा वास सुटला की नवरा जेवायला भावाकडे जाऊ लागला. अखेर एका सकाळी शेजारची मांजर दारात येऊन बसली आणि हाकलली तरी हलेना. तिथेच बाईने सावध व्हायला हवं होतं. तिने ते प्रशस्तिपत्र मानलं.

शनिवारी मास्तरांनी तुकडा तोंडात घातला. चावता चावता ते थांबले. डोळ्यांत पाणी आलं.

“पोरी, यात दूध आहे.”

“मास्तर, शपथ घेते!”

“शपथ तुझी, जीभ माझी.”

ते तुकडा तिथेच ठेवून निघाले. काजूताईने बस थांब्यापर्यंत धावत जाऊन त्यांना गाठलं, हाताला धरून परत आणलं आणि मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. काजू दाखवले, विरजण दाखवलं. त्यांच्यासमोरच नवा घाणा लावला आणि तो पुरा मुरेपर्यंत मास्तर परीक्षेवर देखरेख करावी तसे रोज येऊन बसले. एकदा तर खिडकी उघडून बाहेर गाय उभी नाही ना, हेही पाहिलं. शेवटी नवा तुकडा खाल्ला.

“म्हणजे खरंच दूध नाही.”

“नाही.”

“आणि चव मात्र हीच.”

“हीच!” काजूताई म्हणाली. इतकी खूश ती रांगा लागत होत्या तेव्हाही झाली नव्हती.

पुढच्या शनिवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग डब्यात चीज भरून काजूताईच दोन बस बदलून त्यांच्या घरी गेली. दार उघडंच होतं. मास्तर जेवायला बसले होते. ताटात चीज होतं, पिवळसर, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कागदात.

“मास्तर, हे...”

“दुधाचं आहे,” मास्तर खाली बघत म्हणाले. “बस.”

“आणि वासरू?”

“आठवतं ना. रोज आठवतं.” त्यांनी सुरी बाजूला ठेवली. “तुझं जुनं चीज पिठूळ होतं गं. ते खाताना मला वाटायचं, आपण फारसं काही सोडलेलं नाही. हे नवं खाल्लं आणि कळलं, काय सोडलं होतं ते. मग शनिवारपर्यंत धीरच धरवेना.”

काजूताईने डबा पुढे सरकवला. “मग हे खा की. तेच आहे. तुम्हीच म्हणालात.”

मास्तरांनी एक तुकडा इकडचा खाल्ला, एक तिकडचा. जन्मभर पेपर तपासलेला माणूस. उगाच मार्क वाढवणारा नव्हता.

“तुझंच जास्त चांगलं आहे,” ते म्हणाले.

“मग?”

“पण ते कोपऱ्यावर मिळतं.”

वासरांच्या बाजूने बोलायचं सगळं तिला कधीचं तोंडपाठ होतं. कोपऱ्याबद्दल तिच्याकडे एक अक्षर नव्हतं.

“चहा टाकतो,” मास्तर उठले. स्वयंपाकघराच्या दारात थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. “तुझा बिनदुधाचाच ना?”