पोटाला लावलेला कान

आतड्याला पीळ पडून माझ्या सासऱ्यांच्या, बिराप्पांच्या जिवावर बेतलं होतं. कराडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काळं पडलेलं आतडं कापून टोकं जोडली आणि बजावलं, की आतडं अजून झोपलंय. एरवी ते आपणहून आवळतं, सैल होतं आणि अन्न पुढं ढकलतं. ते जागं झालं की वारं सरेल. तोवर पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. पुन्हा पोट उघडावं लागलं तर या वयात ते टिकायचे नाहीत.

सासूबाईंना, रंगुबाईंना, हे काही पटेना. त्यांचा जन्म वडूजच्या माळावर मेंढरांमागं गेलेला. मेंढराचा रवंथ थांबला की त्या पोटाला कान लावायच्या. आत आवाज नसला तर धडधाकट मेंढीच्या तोंडातला चघळलेला घास काढून आजारी मेंढीच्या घशात घालायच्या. की पोट चालू! माणूस रवंथ करत नाही, त्याच्या पोटाची तऱ्हा वेगळी, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. बारावी सायन्स मीच झालेय ना घरात.

चौथ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले, तेवढ्यात त्यांनी पेलाभर आंबील पाजली. पदराआडचा पेला मला दिसला. तरी मी गप्प बसले, कारण मामंजी चार दिवसांत पहिल्यांदा हसले होते. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

संध्याकाळी पोट फुगून टणक झालं. नाकातून नळी घातली, तर आंबील गेली तशीच कण्यांसकट बाहेर आली. डॉक्टर चिडले. उद्या दुपारपर्यंत आतडं हललं नाही तर पोट उघडू, म्हणाले.

तेव्हापासून सासूबाईंनी अन्नपाणी सोडलं. मी भाकरी पुढं केली की हात बाजूला सारायच्या.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता त्यांनी पट्टीच्या कडेला, मामंजींच्या पोटावर कान टेकला. बराच वेळ हलल्या नाहीत. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"पोरी, बोललं बघ. गुडगुडलं."

मी धावत जाऊन कान लावला. आत काहीच नव्हतं. मग तो आवाज पुन्हा आला, चांगला मोठा, माझ्या शेजारून. सासूबाईंच्या पोटातून.

माझ्याआधी त्यांनाच ते कळलं. दोन्ही हातांनी त्यांनी आपलं रिकामं पोट गच्च दाबून धरलं.

"गप की मेल्या," त्या पोटाला म्हणाल्या, "त्येंचं ऐकू दे."

आणि परत कान लावून बसल्या.