समासातली पेन्सिल

भिंतीवरचा रिकामा खिळा. काचेवर काच घासल्याचा कर्रकर्र आवाज. दुपारी चारलाही झोपलेला एक थोरला भाऊ. कारखान्याच्या दाराला लागलेले टाळे. जांभळ्या शाईतले दोन शब्द : मुदत समाप्त.

मित्रांनो, या गोष्टी एकमेकींना ओळखत नाहीत. मी सगळ्यांना ओळखते. मी एका औषधाचे जुने पेटंट आहे. सव्वीस पाने, सात दावे आणि गाठ सुटलेली एक फीत. पेटंट कार्यालयाच्या तळघरात, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात मी राहते.

पेटंट म्हणजे एक करार असतो. शोध लावणाऱ्याने आपली कृती जगासमोर उघड लिहून द्यायची आणि त्या बदल्यात वीस वर्षे दुसऱ्या कोणी ती वापरायची नाही. म्हणजे मी कुंपण होते, आणि आतल्या बागेचा नकाशाही माझ्यावरच काढलेला होता.

माझा जन्म एका रसायनतज्ज्ञ बाईंच्या हातून झाला. फिट येणाऱ्यांसाठी त्यांनी हे औषध शोधले. कृती लिहिताना शेवटी त्यांनी एक ओळ घातली होती. कंपनीच्या वकीलसाहेबांनी ती काढून टाकली आणि पान पुन्हा टाइप करून घेतले. सही करायला आलेल्या बाईंच्या ते लगेच लक्षात आले.

"माझी दांडीची ओळ कुठे गेली?"

"बाई, हा अर्ज आहे, पाककृती नव्हे. भांडं खरवडा म्हणे! लोक हसतील हो."

"पाककृतीच आहे ती. वीस वर्षांनी कुणाला तरी करायचीय."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते पाठ फिरवून बोलू लागले. बाईंनी अकराव्या पानाच्या समासात ती ओळ पेन्सिलीने लिहिली आणि निमूटपणे सही केली. अर्जावर पेन्सिल चालत नाही. पण ती इतकी फिकट होती, की कोणाच्या नजरेला पडलीच नाही.

मग माझे दिवस आले. कंपनीच्या स्वागतकक्षात माझी चौकटीतली प्रत लागली. माझा दरारा केवढा! माझे दावे म्हणजे 'एवढे सगळे आमचे' असे सांगणारी कलमे. पहिल्या दाव्यात ते औषध होते, दुसऱ्यात त्याचे क्षार, आणि तिसऱ्यात त्याची सगळी चुलत-मावस भावंडे. एका छोट्या कारखानदाराने रेणूचे एक टोक बदलून तसेच औषध स्वस्तात काढले, तेव्हा मला कोर्टात नेले. "टोपी बदलली म्हणून काय झालं? पोरगं आमच्याच घरातलं आहे," वकीलसाहेब म्हणाले. आम्ही जिंकलो. त्याच्या कारखान्याला टाळे लागले. परतीच्या गाडीत सगळे हसत होते. मी साहेबांच्या मांडीवर होते आणि मला कोणी विचारले नाही.

वीस वर्षे झाली. एका सकाळी कारकुनाने माझ्यावर शिक्का मारला, चहाचा घोट घेतला आणि पुढची फाइल ओढली. स्वागतकक्षातली चौकट उतरली. खिळा तेवढा राहिला.

मग पाच कंपन्या तेच औषध करू लागल्या आणि ते स्वस्त झाले. मला बरे वाटले. पण इतके स्वस्त झाले, की नफा उरेना आणि एकेकीने ते करणे सोडले. आमच्याच कंपनीने सर्वांत आधी. औषध दुकानांतून नाहीसे झाले. माझी पाने संगणकात गेली आणि माझ्याकडे कोणी येईनासे झाले. तळघरात दिवा कोणी आले तरच लागतो. अशी नऊ वर्षे गेली.

एके दिवशी दिवा लागला.

"संगणकात सगळं आहे की, ताई," कपाटे सांभाळणारे काका कुरकुरत होते. "उगीच कशाला धूळ खाताय?"

"संगणकातलं पाठ झालंय, काका. सात वेळा करून पाहिलं. औषधाचे दाणे धरतच नाहीत, नुसता पाक होतो."

ती एका लहान कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. मालकाने तिला शेवटची एक संधी दिली होती. आणि घरी तिचा थोरला भाऊ होता. हे औषध मिळेनासे झाल्यापासून तो दुसऱ्या गोळ्या घेई. त्यांनी फिट थांबत, पण तो दिवसभर झोपून राही.

"या बाईंचा पत्ता मिळेल?"

"त्या आता नाहीत, ताई."

ती माझ्याकडे वळली. एकेक पान उलटत राहिली. अकरावे पान तिने झरोक्याकडे तिरपे धरले, आणि समासात पेन्सिलीच्या शिशाची एक ओळ चमकली. तिने ती पुटपुटत वाचली : 'गार झाल्यावर भांडे आतून काचेच्या दांडीने खरवडावे, नाहीतर दाणे धरत नाहीत. एकदा धरले, की तेच पुढच्या वेळी बियाणे म्हणून टाकावेत.'

तिने माझ्या पानावर हात ठेवला. नऊ वर्षांत मला झालेला तो पहिला स्पर्श.

आठ महिन्यांनी, काका तळघरात असताना, त्यांचा फोन वाजला.

"काका, धरले! केव्हाचे धरलेत. आता गोळ्याही निघाल्या!"

"काय धरले, ताई? चोर?"

"दाणे हो! आणि दादा दुपारभर जागा असतो आता. भांडतोसुद्धा माझ्याशी."

काका हसत हसत कपाटापाशी आले. माझ्या खणावर हलकी थाप मारली. मग दिवा मालवून वर गेले.

त्यानंतर कोणी आलेले नाही. तक्रार नाही. माझे काम आता कुठल्या तरी कारखान्यात, माझ्यावाचून चालू आहे. एवढीच विनंती आहे, मित्रांनो. जुना कागद संगणकात घातलात तरी टाकून देऊ नका. टाकायचाच झाला, तर आधी एकदा उजेडात तिरपा धरून पाहा.

बाईंनी सहीच्या दिवशी ती पेन्सिल वकीलसाहेबांच्याच टेबलावरून उचलली होती.