क्लीनर साइडची अक्षरं

बसा हो पाव्हणं. तुमची यष्टी इतक्यात यायची न्हाई, अन् आली तरी लिंबागणेशच्या ह्या फाट्यावर थांबंल याचा काय नेम न्हाई. तवर एक गोष्ट सांगतो. खरी हाय, पण जरा सपनात असल्यावानी ऐका. मला बी ती तशीच दिसली.

मी त्रिंबक. त्यो पांढरा टेम्पो माझा. आमच्या धुळाजीची मेंढरं मीच वडवणीच्या बाजाराला नेतो. धुळाजीची पोरगी योगिता, मला मामा म्हणती, बीडला फ्लेक्सच्या दुकानात कामाला हाय. बाकीची पोरं दुसऱ्यानं केलेली अक्षरं उचलून लावत्यात, ही स्वतःची घडवती. कशी? तर ना जाड-बारीक, ना शेपूट, ना नक्षी. अंगानं एकसारखी, सडपातळ, अन् सगळी उजवीकडं कललेली. वरची रेघ मात्र सरळ. डोक्यावर घागर घेऊन बाई झपाझपा निघाली, की घागर हालत न्हाई अन् अंग तेवढं पुढं झुकतं, तशी.

धुळाजीनं पहिल्यांदा बघितली तवा म्हणला, "का रं त्रिंबक, ही अक्षरं पिऊन आलीत का?"

"बाबा, ती निघालीत," योगिता म्हणली.

"कुठं?"

"तुमाला न विचारता निघालीत, म्हणून तर राग आलाय तुमाला."

हसला त्यो. पण तिच्या आईचे, दगडाबाईचे, गुडघे गेलेत. धुळाजीनं सांगून ठेवलतं, "अमरसिंहाच्या डेअरीनं तुझी अक्षरं घेतली तर ऱ्हा बीडला. न्हाई घेतली, तर मेंढरं चाऱ्यासाठी बाहीरगावी निघतील तवा आईच्या जागी तू चल." त्याचं बी काय चुकत न्हाई. एवढा कळप एकट्याला आवरत न्हाई.

अमरसिंहाचा दुधाचा मोठा कारभार. आईच्या नावानं 'सत्यशीला दूध'. गाड्यांवर ते नाव नव्यानं टाकायचं होतं. योगितानं नमुना म्हणून माझ्याच टेम्पोला दोन्ही अंगानं स्टिकर लावलं.

सकाळची धुई होती. शाळू डोक्याइतका. योगिता बांधावर उभी ऱ्हायली, मी तिच्या म्होरून टेम्पो नेला, डायवर साइड तिच्याकडं. केवढ्यानं ओरडली, "मामा, उडतंय!" पुढं जाऊन वळवून आणला. आता क्लीनर साइड तिच्याकडं. ह्या खेपंला ती बांधावर दिसंना. उतरून बघतो, तर पोरगी खाली बसलेली.

"काय झालं गं?"

"मामा, टेम्पो पुढं जातोय अन् नाव मागं पडतंय."

खरंच की! क्लीनर साइडला टेम्पोचं तोंड डावीकडं, अन् अक्षरं कललेली उजवीकडं, पार शेपटाकडं. मेंढराला कान धरून वढलं की ते चार पाय रोवून मागं रेटतं, तसं नाव रेटत होतं. दोन्ही बाजूला एकच छाप लावला होता आमी. उभ्या टेम्पोवर कुणालाच कळलं न्हाई.

मी म्हणलं, "मग दुसरीकडं ढकल की कंपूटरनं."

ढकललं तिनं. 'ला'चं पोट सुटलं, 'य'ची कंबर मोडली, 'शी'ची वेलांटी तोंडावर आली. मग म्हणली, नगं, पहिल्यापासून काढते, डावीकडं झुकलेली.

सुट्टीच्या दिवशी मेंढरामागं जाऊन बसायची. कळप ह्या अंगानं जाताना बघायची, मग पळत पलीकडं जाऊन त्योच कळप त्या अंगानं. एकदा मी बी बसलो तिच्याजवळ. ऊन उतरलतं. धूळ उठली ती तिथंच थांबली, खाली बसायचं इसरली. अन् काय सांगू, मला मेंढरं दिसंनाच झाली. नुसती लोकर वाहत होती, तिरकी तिरकी, अन् वरनं सगळ्या पाठींची मिळून एक रेघ. कुणीतरी लांबलचक नाव लिहीत चाललंय अन् संपवत न्हाई, असं. डोळा लागलता का जागा होतो, आईची आन, सांगता येत न्हाई.

नवी अक्षरं क्लीनर साइडला लावली, अन् आत्ता थोड्या येळापूर्वी अमरसिंह बघायला आले. डायवर साइड एका नजरंत पास. इकडं येऊन थबकले.

"योगिता, माझ्या आईचं नाव मागं कलंडलंय की."

"गाडी जिकडं, नाव तिकडं झुकलंय, दादा."

"कागदावर असलं कुणी लिहितं का?"

"कागद कुठं पळतो, दादा?"

हसले ते. पण आईचं नाव हाय, घाई कशी करतील? म्हणले, "तू तुझ्या बाजूनंच बोलणार, अन् त्रिंबक तुझा मामा. नात्यातला न्हाई, गावातला न्हाई, असा माणूस आणा. माझी हरकत त्याला आदी सांगा. चालत्या गाडीवर त्याला बी नाव मागं पडलेलं वाटलं, तर ऱ्हायलं. न्हाई वाटलं, तर माझ्या सगळ्या गाड्या हिच्याच अक्षरांच्या."

त्या समोरच्या हॉटेलात बसलेत ते अमरसिंह. अन् शेजारी, चहाला हात न लावता बसलेली, ती योगिता. तिच्याकडं बघत बसू नका, तोंड बघून माणसाला दया येती.

तर पाव्हणं, पिशवी इथंच ठेवा अन् एवढं करा. त्या दगडापाशी उभं ऱ्हावा. मी टेम्पो तुमच्या म्होरून नेतो, क्लीनर साइड तुमच्याकडं करून. नाव वाचा, अन् जे दिसलं ते त्या हॉटेलात जाऊन खरं खरं सांगा. माझी भीड धरू नका.