घोड्यावरची लस

आरोग्य कार्यालयात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. गावात गोवर शिरल्यापासून तिचं काम एकच होतं: आजारी पोर सापडलं की नकाशावर लाल ठिपका, लस टोचली की हिरवा. हिरवे वाढत होते, पण लालही थांबेनात, आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसेना. एक पोर नदीकाठचं, दुसरं गिरणीमागचं, तिसरं पार टेकडीवरचं. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे. बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी तिची बिनपाण्याने हजामत केली. "नकाशा छान झालाय. आता तो काय सांगतोय तेही सांगा."

ती लस टोचणाऱ्या सिस्टरांबरोबर आजारी मुलांच्या घरी जाऊ लागली. एका घरी सिस्टर मुलाचा घसा तपासत होत्या आणि ही त्याच्या कपाळाकडे टक लावून बसली. केस पट्टी ठेवून कापल्यासारखे सरळ, कानापाशी छोटीशी गोल महिरप. हीच महिरप तिने टेकडीवरच्या मुलीलाही पाहिली होती.

"केस कुठे कापले रे?"

"घोड्याकडे," मुलगा म्हणाला.

आई हसली. "बाजारामागचा न्हावी हो. त्याच्याकडे खुर्चीऐवजी लाकडी घोडा आहे. कार्टं दुसऱ्या कुणाच्या हाती डोकं देत नाही."

उरलेल्या घरी फोन केले. सगळे लाल ठिपके घोड्यावर बसून आले होते.

दुकान लहानसं, काचेचं दार कायम बंद, खिडकी नाही. न्हाव्याने ठिपकेबाईचं बोलणं ऐकलं आणि कात्री खाली ठेवली.

"बाई, तुम्ही तर केसाने गळा कापलात. ही गोष्ट बाहेर गेली तर उद्या इथे काळं कुत्रं फिरकणार नाही."

"दोष तुमचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "कोंदट खोलीत एक पोर खोकललं की ते गेल्यावरही आजार हवेत राहतो. आणि लस न घेतलेलं पोर मागून आलं, की सापडलंच."

त्याने शटर ओढलं. ठिपकेबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी तो कार्यालयाच्या दारात उभा. "काल तुम्ही ऐकवलंत, घरी गेल्यावर बायकोनं. ती म्हणाली, पोरं तुझ्याकडे येतात ना? मग सुईवाल्यांनाही तिथेच बोलव."

रविवारी घोडा दुकानाबाहेर, मोकळ्या हवेत आला. नियम न्हाव्यानेच ठरवला: लस झाली नसेल तर घोड्यावर बसून आधी ती, केस नंतर. सिस्टर सुई काढत तसा तो घोड्यासारखा खिंकाळे. पोरं त्याच्याकडे बघत, तेवढ्यात काम झालेलं असे. काही रडलीही, पण एक पोरगी उतरायलाच तयार नव्हती. आणखी एक टोचा म्हणाली.

एक आई मात्र पोराचा हात धरून मागेच उभी राहिली. "आमच्या घरात कुणी घेतली नाही. काही बिघडलं नाही."

"ताई," न्हावी म्हणाला, "याच्या कानाजवळ मी कात्री नेतो तेव्हा तुम्ही निवांत गप्पा मारत बसता. माझा हात या सिस्टरांच्या हातापेक्षा हलका नाही हो."

तिला हसू आलं. मग तिने सिस्टरांना चार गोष्टी खोदून खोदून विचारल्या, आणि पोराला उचलून घोड्यावर बसवलं.

बातमी पसरली. पुढच्या रविवारी रांग कोपऱ्यापर्यंत गेली. न्हाव्याचा घसा खिंकाळून बसला, तेव्हा रांगेतल्या बापांनी पाळी लावून घेतली. नकाशावर गल्ल्यामागून गल्ल्या हिरव्या झाल्या. लाल ठिपके आधी विरळ झाले, मग नवीन यायचे थांबले. न्हाव्याने भिंत फोडून खिडकीही बसवली.

मोहिमेच्या शेवटच्या रविवारी पोरं पांगल्यावर सिस्टर दमून घोड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "महिना झाला, आरशात बघितलं नाही. जरा टोकं सारखी करा."

न्हाव्याने चादर झटकली. "खिंकाळू का?"

"नको," सिस्टर म्हणाल्या, "पण महिरप पाहिजे."