नाव काढायला वेळ लागतो

बाइंडरला सगळं बोलता यायचं, फक्त एकट्याने बोलता यायचं नाही. चार माणसांच्या आवाजात आवाज मिसळला की त्याची जीभ अशी सुटायची की ऐकत राहावं. एकटा पडला की पहिल्याच अक्षराला गाडी पंक्चर. शाळेत पोरांनी त्याला टाइपरायटर म्हणून पिडलं. बरं, पोरं ती पोरंच. पण मोठ्यांनी काय केलं? मोठ्यांनी ‘असू दे’ म्हटलं. दुकानात, रस्त्यात, दवाखान्यात, त्याने पहिलं अक्षर दोनदा घोटलं की समोरचा हसून मान हलवायचा, “असू दे, असू दे, कळलं.” डोंबलाचं कळलं!

त्याला कधीच ‘असू दे’ न म्हणणारं एकच माणूस होतं, त्याची आई. तो अडकला की ती शिवणाचा डबा पुढे ओढायची आणि दोऱ्यांचा गुंता सोडवत बसायची. त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, घड्याळाकडे तर नाहीच. शब्द बाहेर पडला की मान वर करून म्हणायची, “हं, मग?” आणि शेजारणींना सांगायची, “माझा लेक माझं नाव काढणार बघा! फक्त थोडा वेळ लागेल.” मग स्वतःच पोट धरून हसायची. तोही हसायचा.

तिला जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत त्याने एक वाक्य पुरं केलं नव्हतं. म्हणजे कुणी करू दिलं नव्हतं.

पुस्तकं बांधायची हा त्याचा धंदा. शहरात तीन धर्मांची तीन प्रार्थनाघरं होती आणि तिन्हींची फाटकी पुस्तकं त्याच्याच टेबलावर यायची. शिवण उसवायची, पानं नव्याने शिवायची, कण्याला खळ लावायची, वजनाखाली ठेवायचं. बांधलेलं पुस्तक पोचवायला गेला की तो तिथल्या प्रार्थनेला बसायचा, तिन्हीकडे. लोक म्हणायचे, काय भाविक माणूस आहे! भाविक होताच, पण खरं सांगू का, तो तिथे बोलायला जायचा. सगळ्यांनी एका सुरात म्हणायला सुरुवात केली की ह्याचे शब्द झरझर निघायचे. आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास.

प्रार्थना संपली की चहा. लोक घोळक्याने उभे राहायचे, त्याच्या हातात कप द्यायचे, पाठीवर थाप मारायचे आणि दुसऱ्याशी बोलायला वळायचे. चांगली माणसं होती हो सगळी. कप रिकामा होईपर्यंत तो भिंतीवरच्या सूचना वाचत उभा राहायचा. त्यासुद्धा त्याला पाठ झाल्या होत्या.

त्याच्या स्वतःच्या प्रार्थनाघरात वर्षातून एकदा त्या वर्षी गेलेल्या माणसांची आठवण काढत. रीत साधी होती. घरचं एक माणूस उभं राहतं, गेलेल्याचं नाव घेतं, आणि सगळी सभा ते नाव एका आवाजात परत म्हणते. एक शब्द, बस्स. आईचं नाव ओठ मिटूनच सुरू व्हायचं, आणि मिटलेले ओठ बाइंडरला उघडता उघडायचे नाहीत. पाणी म्हणताना अडलं तर पेला दाखवता येतो. नाव अडलं तर काय दाखवणार? तरीही ते त्यालाच घ्यायचं होतं. आयुष्यभर ती थांबली होती. तिच्यासाठी एवढं एक नाव एकट्याने घेता आलं नाही, तर आपल्या जिभेचा उपयोग काय, असं त्याला वाटायचं.

प्रार्थनाघराचे प्रमुख मुद्दाम दुकानात आले. “तुम्ही कशाला त्रास घेता? मी घेतो ना आईंचं नाव. आपण सगळ्यांची सोय बघतो. चाकाच्या खुर्चीवाल्या मास्तरांना नाही का दारापाशी खास जागा करून दिली?”

दिली होती खरी. तीन पायऱ्या चढून आत न्यायला नको म्हणून मास्तर चार वर्षं दाराबाहेर बसून प्रार्थना करत होते, आणि ह्याला सोय म्हणायचं! बाइंडरने नकाराची मान हलवली, पुठ्ठ्याचा तुकडा ओढला आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं, ‘मी घेणार.’ प्रमुख म्हणाले, “असू दे, बघू.”

आठवणीच्या दिवशी सकाळी परगावाहून ताई आली. चार वर्षांनी मोठी. लहानपणापासून भावाच्या वाटचं तीच बोलत आली होती. शाळेतल्या मास्तरांशी तीच, डॉक्टरांशी तीच. एकदा त्याला सांगून आलेल्या मुलीला नकारही तिनेच कळवून टाकला होता, ह्याला न विचारता. माया मात्र अशी की त्याला ठेच लागली तर हिच्या डोळ्यांत पाणी.

“मी घेते नाव,” ती चपला काढता काढता म्हणाली. “दोन सेकंदांचं काम.”

“न... न...”

“नको? अरे, लोक बघत राहतील, कीव करतील. मला नाही रे बघवत.”

“मी घे... घे... घेणार. तू ग... ग...”

“गप्प बसू?”

तिने जीभ चावली. “बरं बाबा. तोंडातून अक्षर काढत नाही. शपथ!”

सभागृह भरलं होतं. चौदा नावं होती, त्याच्या आईचं नववं. आठ झाली. तो उभा राहिला आणि ओठ मिटले.

पंखा फिरत होता. कुणीतरी खाकरलं. पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली आणि लगेच पायांकडे बघायला लागली. त्याची मान ताठरली, पण तो घाबरला नव्हता. शब्द येणार असला की त्याला आधी कळायचं, छातीखाली काहीतरी सैल व्हायचं. ते सैल व्हायला लागलं होतं. आणखी जरासं, आई, आणखी एवढंसं.

शेजारून खणखणीत आवाजात ताईने नाव घेतलं.

दोनशे माणसांनी ते परत म्हटलं. त्यांच्यात त्यानेही म्हटलं, स्वच्छ, एका दमात, कुठेही न अडता. कुणाला ऐकू जाणार? दहाव्या नावाच्या घरचा माणूस उभाही राहिला होता.

चहाच्या वेळी बायका ताईला म्हणत होत्या, “किती धीराची ग तू!” ताई त्याच्या कानाशी लागली. “सुटलास एकदाचा. मी होते म्हणून निभावलं.”

आजवर त्याने तिच्यावर आवाज चढवला नव्हता. चढवायला आवाज निघायला तर हवा! त्याने तिच्या हातातला कप काढून खिडकीत ठेवला, मनगट धरलं आणि तिला रिकाम्या सभागृहात परत नेऊन बाकावर बसवलं. स्वतः समोर उभा राहिला.

“ताई. थ... थ... थांब.”

त्याचे ओठ मिटले. तिने सवयीने तोंड उघडलं आणि दुसऱ्या क्षणी आपल्याच हाताने दाबून धरलं. बाहेर कपबश्या वाजत होत्या. कुणीतरी दारातून डोकावून गेलं. तो लाल झाला, घामाघूम झाला. आणि मग आईचं नाव आलं, पहिलं अक्षर चारदा घासून, तीन तुकड्यांत. पण आलं, आणि त्याच्या एकट्याच्या आवाजात आलं.

आता ते परत म्हणायची पाळी तिची होती. तिने तोंडावरचा हात काढला. पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि तिला रडू आलं. आठ महिने सगळ्यांच्या वाटचं बोलण्यात बाईला रडायला फुरसतच झाली नव्हती. ओठ मिटले ते उघडेचनात. तिने भावाकडे बघितलं. तू म्हण ना, एवढं माझ्या वाटचं म्हणून टाक, असं ते बघणं होतं. आणि नाव त्याच्या जिभेवर तयार होतं, आत्ता घेतलं असतं तर सरळ निघालं असतं.

त्याने घेतलं नाही. तो तिच्याशेजारी बसला, बाकावरचं प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडाकडे न बघता दुमडलेल्या पानांचे कोपरे एकेक करून सरळ करायला लागला. पुस्तक जाड होतं, दुमडलेली पानं पुष्कळ होती, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.