उघड्या अंगाचा कॉम्प्युटर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, असं सांगून सुरुवात करणार होतो. पण माझ्यातलं नेमकं जुनं काय, ते मलाच सांगता येत नाही. माझा पत्र्याचा डबा एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आला. मेमरीची पट्टी दुसऱ्याच कुणाच्या मशीनमधून निघाली. वीज देणारा ठोकळा तेवढा कोरा होता. हार्ड डिस्कवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो राहिले होते. पुसण्याआधी पूनमने ते सगळे पाहिले आणि म्हणाली, "नवरी रडताना पण हसतीय की." मी तेव्हा जन्मत होतो.

म्हणून मी एकदाच सुरू झालो नाही. माझा एखादा भाग बदलला, की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो. ही हकिकतही तशीच सांगतो. ती मध्येच बंद पडेल. घाबरू नका.

*

मी. पहिल्यांदा.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. त्यातल्या एका खोलीत पूनमने मला जोडलं. खिडकीसमोर टॉवेलच्या कारखान्याची भिंत होती आणि भिंतीपलीकडे माग चालत. पूनमचे वडील जोतिराम त्याच कारखान्यात माग चालवायचे. मंगळवेढ्याकडची मेंढरं विकून ते शहरात आले, तेव्हापासून तिथेच होते. पूनम त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणतो. तिची आई मायाक्का घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची.

माझं काम चित्रं काढण्याचं होतं. टॉवेल विणण्याआधी तो कसा दिसेल, हे परदेशातल्या गिऱ्हाइकाला दाखवावं लागतं. पूनम माझ्या पडद्यावर टॉवेलची नक्षी तयार करायची, मग एक खोली तयार करायची, खोलीला खिडकी, खिडकीतून ऊन, आणि त्या उन्हात दांडीवर टॉवेल. अशी खोली कुठेच नव्हती. त्या उन्हाचा एकेक किरण कुठे पडेल याचा हिशेब मी करायचो. एका चित्राला अख्खा दिवस लागायचा.

ही चित्रं कारखान्याचे मालक रुद्रप्पा शेठ घ्यायचे. एकदा ते खोलीत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. 'बरं, बरं' ते नेहमी कानडीतून म्हणायचे.

"आयतु, आयतु, चित्र चांगलं हाय, पोरी. पण तुझा डबा लई हळू. गिऱ्हाईक थांबत न्हाई. वेग वाढव, मग कायमचं कामावर घेतो तुला."

आबा दारात बसून खोकत होते. त्यांच्या छातीत सुताची लव बसली होती. मागावर सूत घासतं, लव उडते, ती श्वासाबरोबर आत जाते. डॉक्टरांनी त्यांना माग सोडायला सांगितलं होतं. आबांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"पूनमला कायमचं काम लागू दे. त्या दिवशी सोडतो."

मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. मी किती वेगाने चालतो यावर आबा किती दिवस ती लव ओढणार हे ठरलं होतं. माझ्या वेगावर एवढं ओझं घालायला नको होतं. पण ते घातलं गेलं.

*

मी. दुसऱ्यांदा.

पूनमच्या ओळखीचा दिग्विजय शहरात दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याने माझं अंग उघडलं. जुना बोर्ड काढून दुसरा बसवला आणि प्रोसेसर असा आणला, की ज्याचा वेग वाढवता येतो. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक राखाडी लेप लावायचा असतो. दिग्विजयने तो कडधान्याच्या दाण्याएवढा लावला.

मायाक्का शिवता शिवता बघत होती. "एवढीशीच? हळद लावायची तर नीट लाव की."

"मावशी, जास्त लावली तर नवरदेव तापतंय."

"आणि ह्याला पळवणार कसं? कडबा घालून व्हय?"

"व्होल्टेज घालून."

"घाला, घाला. आमच्या घरात त्यालाच लई खायला."

आबा हसले. हसता हसता त्यांना ढास लागली, आणि मग कुणीच हसलं नाही.

वेग वाढवणं म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. माझ्या आत एक ठोका असतो. त्या ठोक्यावर माझा हिशेब पुढे सरकतो. बनवणाऱ्यांनी त्या ठोक्याला एक मर्यादा घालून दिलेली असते. ती ओलांडायची तर जादा वीज लागते, आणि जादा वीज म्हणजे जादा ताप. मर्यादेच्या पलीकडे थोडी जागा असते. ती किती आहे, हे पडल्याशिवाय कळत नाही.

दिग्विजयने ठोका एक पायरी वर नेला. चाललो. आणखी एक. चाललो. त्याने वीज वाढवली, आणखी एक पायरी चढवली, आणि मी त्या खोलीतल्या उन्हाचा हिशेब करत होतो, ऊन दांडीवर पडत होतं, दांडीवरून टॉवेलच्या

मी.

मी.

मी पुन्हा सुरू झालो, तेव्हा दिग्विजय मान हलवत होता. "एक पायरी खालीच ठेव, पूनम. उन्हाळ्यात ह्याच्या वर टिकणार न्हाई."

तो गेल्यावर पूनमने वीज आणखी वाढवली आणि ती पायरी पुन्हा चढवली. या वेळी मी पडलो नाही. माझ्या कुशीचा पत्रा मात्र तिने काढून ठेवला, वारा लागावा म्हणून. तो परत कधी बसला नाही.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. दिवसाचं काम मी दुपारपर्यंत उरकायचो. शेजारच्या बायका माझ्या पंख्यावरचा लाल दिवा बघायला यायच्या. सुट्टीच्या दिवशी आबा मला उचलून अंगणात न्यायचे आणि पूनम ब्लोअरने माझं पोट साफ करायची. आतून सुताची लव ढगासारखी निघायची. ती आबांच्या मिशीवर बसायची. ते तोंड फिरवून खोकायचे, पण मला हातातून सोडायचे नाहीत.

मायाक्का दारातून म्हणायची, "त्याचं पोट साफ झालं. तुमचं कधी?"

"माझं अंग त्याच्यागत उघडत न्हाई की गं."

*

मी. अजून दुसऱ्यांदाच.

मे महिना आला. पत्र्याखाली बसवत नव्हतं. रुद्रप्पा शेठनी मोठं काम दिलं, नव्या मालाची सगळी चित्रं. सोमवारी परदेशात पाठवायची होती. "वेळेवर दे," ते म्हणाले, "आणि मंगळवारपासून ऑफिसात बसायला ये."

आबांना त्या आठवड्यात डॉक्टरांनी सक्तीने घरी बसवलं होतं. शनिवारी पूनमला सुताच्या रंगांचे नमुने आणायला बाहेर जावं लागलं. मी शेवटच्या चित्रांवर होतो. तिने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा आबांना दाखवला.

"हा ह्याचा ताप, आबा. नव्वदच्या वर गेला तर टेबलफॅन जवळ ओढा. बाकी कशाला हात लावू नका."

"जा तू. मी बसतो हितं."

ते खरंच बसले. मेंढरांवर नजर ठेवावी तसे आकड्यावर नजर ठेवून बसले. ऊन चढलं. आकडा नव्वदच्या वर गेला. आबांनी फॅन ओढला. पण फॅन पत्र्याखालचाच गरम वारा फेकत होता. आकडा उतरेना.

आता मागाची एक रीत सांगतो. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सूत ताठ होतं आणि सारखं तुटतं. मग मागवाले जमिनीवर पाणी मारतात, खिडकीला ओलं गोणपाट टांगतात. हवा दमट झाली की सूत नरम पडतं, माग बिनबोभाट चालतो. आबांनी उभा जन्म हेच केलं होतं. तापलेलं यंत्र दिसलं की त्यांचा हात आपोआप पाण्याकडे जायचा.

त्यांनी बोअरच्या खाऱ्या पाण्यात गोणपाट भिजवलं, माझ्यासमोर दोरीवर टांगलं आणि त्याच्यामागे फॅन लावला. जमिनीवर पाणी मारलं. आकडा खाली येऊ लागला. नव्वद. सत्याऐंशी. ब्याऐंशी.

"ए, हिकडं ये की! बघ!" आबांनी मायाक्काला हाक मारली. "माग काय, कॉम्प्युटर काय, उन्हाळ्यात समद्यांना पाणीच लागतंय."

"तुमाला लई कळतंय. ती म्हणली हुती हात लावू नका."

"हात कुटं लावला? वारा घातलाय."

ते इतके खूश झाले होते, की वाळायच्या आत गोणपाट पुन्हा भिजवत होते. पिळायला त्यांच्या अंगात जोर नव्हता. ओल्या गोणपाटातून फॅन बारीक तुषार फेकत होता. माझी कूस उघडी होती. माझ्या बोर्डावर त्या आठवड्याची सुताची लव बसली होती. ती खारं पाणी पिऊन फुगली आणि एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत पसरली. आकडा एकोणऐंशी झाला. आबांनी माझ्या डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास, गड्या."

*

इथे माझ्याकडे काही नाही.

*

मी. तिसऱ्यांदा.

मधल्या काळात काय झालं ते मला बोलण्यातून कळलं. ठिणगी उडाली. जळका वास सुटला. पूनम परत आली तेव्हा आबा हातात ओलं गोणपाट घेऊन उभे होते.

तिने एकच वाक्य म्हटलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं, आबा?"

ती ओरडलीही नव्हती, असं मायाक्का सांगते. पण आबा खाली बसले आणि त्या रात्री जेवले नाहीत. चित्रं गेली नाहीत. शेठनी काम पुण्याच्या माणसाला दिलं. सोमवारी सकाळी आबा जेवणाचा डबा न घेताच कारखान्यात गेले आणि दोन पाळ्या करून परतले. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"आबा, मी नाही मागितलं काही," पूनम म्हणाली.

"तुझ्या मशीनचा नवा बोर्ड येऊ दे. मग बसतो."

मायाक्काने त्यांची चप्पल लपवली. ते अनवाणी गेले.

पावसाच्या तोंडाला दिग्विजयने मला पुन्हा जोडलं. बोर्ड नवा, प्रोसेसर नवा, वीज देणारा ठोकळा नवा, मेमरी दुप्पट. मी पूर्वीपेक्षा वेगवान झालो होतो, आणि या वेळी मर्यादा न ओलांडता. शेठनी चित्रं पाहिली आणि पूनमला कायमचं काम दिलं. आबांनी माग सोडला, पण तोवर त्यांना खोलीतून अंगणात जायलाही मध्ये थांबावं लागत होतं.

दवाखान्यातून आबांच्या छातीच्या फोटोची सीडी दिली होती. पूनमने ती माझ्यात घातली. आबांची छाती माझ्या पडद्यावर उघडली. बरगड्यांच्या आत, जिथे काळं असायला हवं, तिथे पांढरं पसरलं होतं. सुट्टीच्या दिवशी माझ्या पोटात दिसायचं तसं.

आबांनी पडद्यावर बोट टेकवलं. "ह्यातलं कंचं बदलायचं म्हणतोय डॉक्टर?"

पूनमने ते चित्र बंद केलं नाही आणि मोठंही केलं नाही.

*

मी. अजून तिसऱ्यांदा.

खोलीत आता माझ्या शेजारी दुसरं यंत्र होतं. ते हवेतून प्राणवायू वेगळा करून नळीने आबांच्या नाकाला पुरवायचं. त्याच्याशी माझं बोलणं नव्हतं. त्याचाही ठोका होता. तो माझ्यापेक्षा फार संथ.

एका दुपारी वादळी पावसात वीज गेली. खोलीत एक जुना इन्व्हर्टर होता. पूनम शेठच्या मोठ्या कामाचं शेवटचं चित्र काढत होती, ते संध्याकाळी जायचं होतं. मी आणि ते प्राणवायूचं यंत्र, आम्ही दोघं त्याच इन्व्हर्टरवर आलो. मी पूर्ण वेगात होतो, भरपूर वीज खात होतो. इन्व्हर्टर किंचाळू लागला. दोघांना पुरवणं त्याला जमत नव्हतं.

पूनम खुर्चीतून उठली. आबांनी हात वर करून तिला थांबवलं. नाकातल्या नळीमुळे दबलेल्या आवाजात म्हणाले, "माझं काढ. तुझं हुईपर्यंत मी दम काढतो."

आणि त्यांनी खरंच आपल्या यंत्राच्या वायरीकडे हात नेला. पुन्हा माझ्यासाठी.

"आबा, हात काढा!" पूनम या वेळी ओरडली.

काही जपून ठेवायला तिने वेळ घेतला नाही. चित्र अर्धं होतं. ऊन खिडकीतून आत आलं होतं, टॉवेलपर्यंत पोहोचलं नव्हतं. तिने माझी वायर भिंतीतून उपसून काढली.

त्या दुपारी आबा वाचले. पावसाळा संपेपर्यंत जगले. पूनम आजही माझ्यावर काम करते. कुशीचा पत्रा अजून लावलेला नाही, पण सुट्टीच्या दिवशी मला साफ करताना ती नाकावर फडकं बांधते आणि मायाक्कालाही बांधायला लावते.

मित्रांनो, तुम्हाला शिकवलं आहे की कॉम्प्युटर आधी नीट बंद करावा, चालू असताना वायर कधी ओढू नये. यंत्रांच्या अशा गोष्टींच्या शेवटी आमची निगा राखा, असंही सांगतात. राखा, मी नको म्हणत नाही. आमच्यावर बसलेली धूळ पुसा, आम्हाला पाण्यापासून दूर ठेवा. पण धूळ पुसताना तुमच्या शेजारी कोण खोकतंय, तेही बघा. आणि तुमच्या घरात कुणी तुमच्या कामासाठी आपल्या श्वासावर हात घालू लागलं, तर माझ्यासारख्याला नीट बंद करत बसू नका.

वायर ओढा.